हृदय आणि स्केलेटल मसल यांवर मॉलेक्युलर बायोलॉजीत पीएच.डी. केली तर पुढे करिअर आहे का?

प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय की एम.एस्सी. बायोटेकचं दुसरं वर्ष चालू आहे, नेट परीक्षेची तयारी करताय, पैसे किती मिळतात तेही विचारलंय, आणि कॉलेजातले एक सर म्हणाले, 'मसलच घ्यायचा तर हार्टचा घे, स्केलेटलला स्कोप नाही.' फेलोशिप, लॅब, परदेश हे सगळं सांगणारे इथे पुष्कळ भेटतील. मी अडले ती त्या सरांच्या वाक्याशी. हेच वाक्य मी २००५ साली ऐकलंय, आणि आज माझ्या फ्लॅटचा हप्ता स्केलेटल मसलच्या, म्हणजे हाडांना जोडलेल्या स्नायूंच्या, जिवावर जातो.

मुळात हे दोन विषय वेगळे केले कुणी? आपल्या हृदयाच्या खालच्या कप्प्यांत जो मायोसिन (स्नायू आखडवणारं प्रथिन) राबतो, एमवायएच७ जनुकाचा, तोच पोटरीतल्या सोलियसमध्ये आहे. हृदयाचा स्नायू जाड होत जाण्याचा जो आनुवंशिक आजार आहे, त्याचा पहिला जनुकीय दोष १९९० साली सापडला तो याच जनुकात. उंदराच्या खालच्या कप्प्यांत मात्र एमवायएच६ चालतो. तो जास्त चपळ, आणि उंदराला मिनिटाला पाचसहाशे ठोके मारायचे असतात. हा फरक न बघता उंदरावरचे निष्कर्ष माणसाला चिकटवणारी मंडळी मी कॉन्फरन्समध्ये पाहिलीत. कोंबडीचा लेग पीस काळपट आणि ब्रेस्ट पांढरं का, हे ज्याला सांगता येत नाही त्याने हृदयावर सेमिनार देऊ नये.

असो. २००५. मी पीएच.डी.ला लागले ती सॅटेलाइट सेलवर काम करायला. संस्थेचं नाव घेत नाही, गाइड अजून कामात आहेत. स्केलेटल मसलमधली ही स्टेम सेल, म्हणजे जिच्यापासून नव्या पेशी बनतात ती मूळ पेशी, १९६१ पासून माहीत आहे. स्नायूच्या तंतूला चिकटून झोपलेली असते, मार बसला की जागी होते, आणि काही दिवसांत नवे तंतू दिसायला लागतात. नवा तंतू ओळखायची खूणही सोपी आहे: केंद्रकं कडेला नसतात, मधोमध रांगेत बसलेली असतात. एकदा डोळ्यांनी बघितलं की विसरत नाही.

पण तेव्हा हवा होती हृदयाच्या स्टेम सेलची. २००१ मध्ये 'नेचर'मध्ये पेपर आला होता की अस्थिमज्जेतल्या पेशींनी उंदराच्या हृदयाचा मेलेला भाग भरून काढला. २००३ मध्ये 'सेल'मध्ये दुसरा, की हृदयातच सी-किट नावाची खूण असलेल्या स्टेम सेल असतात. खरं तर २००४ मध्येच दोन गटांनी 'नेचर'मध्ये सांगितलं होतं की अस्थिमज्जेच्या पेशींचा हृदयस्नायू होताना आम्हाला दिसत नाही. पण ग्रँट मिळत होती ती होकाराला. गाइड म्हणाले, 'स्केलेटल मसलला स्कोप नाही, तू हार्टवर ये.' आले. नाही म्हणण्याइतकी अक्कलही नव्हती आणि ऐपतही.

काम असं होतं. म्हाताऱ्या उंदराची एक धमनी बांधायची, हृदयाचा एक भाग मरू द्यायचा, सी-किट पेशी टोचायच्या, काही आठवड्यांनी हृदय काढून पातळ काप करायचे आणि नवा स्नायू हिरवा चमकतो का ते बघायचं. पहिल्याच खेपेला हिरवं दिसलं. लॅबमध्ये पेढे आले. मी सवयीने एक कंट्रोल स्लाइड, म्हणजे ताडून बघायची स्लाइड, केली होती. स्नायूच्या प्रथिनाला पकडणारी पहिली अँटिबॉडी, जिच्यामुळे हिरवा डाय तिथे बसतो, ती न घातलेली. तिच्यावर हिरवं काही दिसायलाच नको. ती मी पेढे खाऊन झाल्यावर बघितली. हिरवी होती. जराशी नाही, चांगली.

म्हाताऱ्या हृदयाच्या पेशींत लिपोफ्युसिन साठतं, पिवळट-तपकिरी कचरा. फ्लुओरेसन्स मायक्रोस्कोपखाली तो स्वतःच चमकतो, आणि एकाच रंगात नाही, हिरव्यात चमकतो तसा लाल फिल्टरमध्येही चमकतो. खरा डाय असा दोन्हीकडे दिसत नाही. मी फिल्टर बदलून बघितलं. तेच ठिपके, त्याच जागी, आता लाल. मग एका सीनियर मुलीने सांगितल्यावर काप सुदान ब्लॅकच्या द्रावणात बुडवले. सुदान ब्लॅक ही आगंतुक चमक झाकतं. बुडवून धुतल्यावर आमच्या 'नव्या स्नायू'तलं बहुतेक सगळं विझलं. उरलं ते थोडंसं, आणि त्यात रक्तवाहिन्यांच्या अस्तराच्या पेशी होत्या, स्नायू नव्हे.

सोमवारच्या लॅब मीटिंगला दोन्ही फोटो शेजारी शेजारी लावले. वर हेही विचारलं की सर, स्केलेटलमध्ये नवा तंतू दिसतो तसं इथे काहीच का नाही दिसत? गाइडनी फोटो नीट बघितले. बघितलेच नाहीत असं म्हणणार नाही. मग म्हणाले, 'एवढे लोक दाखवतायत. तुझा हात अजून बसलेला नाही. एक्स्पोजर कमी कर आणि ही कंट्रोल ठेवू नकोस, गोंधळ होतो.' तीन वेळा नव्याने केलं. तिन्ही वेळा तेच. चौथ्यांदा ते काम दुसऱ्या मुलाला दिलं, आणि त्याला हिरवं दिसलं. त्याने कंट्रोल केली नव्हती.

त्यानंतर दीड वर्ष मी लॅबमधली 'हात न बसलेली मुलगी' होते. ज्यांनी हे भोगलंय त्यांना सांगायला नको. हळूहळू स्वतःलाही तसंच वाटायला लागतं. पिपेट उचलताना हात बघत राहायचे मी.

पुढे काय झालं ते सगळ्या जगाला माहीत आहे. २००९ मध्ये 'सायन्स'मध्ये कार्बन-१४ वापरून मोजमाप आलं: माणसाच्या हृदयातल्या स्नायूपेशी पंचविशीत वर्षाला साधारण १ टक्का नव्या होतात, पंच्याहत्तरीत अर्ध्या टक्क्याहून कमी. २०१४ मध्ये 'नेचर'ने छापलं की उंदराच्या हृदयात सी-किट पेशींपासून स्नायू बनतो तो नावापुरता, अस्तराच्या पेशी मात्र भरपूर बनतात. आणि ऑक्टोबर २०१८ मध्ये बातमी आली की हार्वर्ड आणि तिथल्या हॉस्पिटलने या विषयाच्या मूळ लॅबचे ३१ पेपर मागे घ्यावेत अशी शिफारस केली. मी गवार मोडत होते. गाइडना फोन करावासा वाटला. केला नाही. नवऱ्याला मात्र दोनदा वाचून दाखवली, दुसऱ्यांदा तो नको म्हणत असताना.

थिसिस शेवटी मी स्केलेटलवरच पूर्ण केला, दोन वर्षं उशिरा. नंतर परदेशात पोस्टडॉक, तेही ट्रोपोनिन या स्नायूतल्या प्रथिनावर. सध्या पुण्याजवळ एका डायग्नोस्टिक किट बनवणाऱ्या कंपनीत आहे. हार्ट अटॅक आला का हे रक्तातल्या ट्रोपोनिनवरून कळतं हे तुम्हाला माहीत आहेच. पण ट्रोपोनिन स्केलेटल मसलमध्येही असतो, थोडा वेगळा. हृदयाच्या ट्रोपोनिन आयला पुढच्या टोकाला तीसेक अमिनो आम्लांचं शेपूट जास्त असतं. अँटिबॉडीने हा भेद नाही ओळखला, तर आखाड्यात मांडीला मार बसलेला पैलवान थेट आयसीयूत. ट्रोपोनिन टीच्या पहिल्या पिढीतल्या चाचणीत हाच घोळ होता, पुढे सुधारला. आमच्याकडे अँटिबॉडी आली की ती आधी स्केलेटल मसलच्या अर्कावर चालवून बघायची, हे काम माझं. म्हणजे दिवसभर मी कंट्रोलच करते. (आई अजून शेजारी सांगते की मी हार्टची डॉक्टर आहे, त्यामुळे सोसायटीतले लोक ईसीजीचे फोटो पाठवतात.)

तेव्हा विषयापेक्षा गाइड निवडा. जॉइन व्हायच्या आधी लॅबमधल्या तिसऱ्या-चौथ्या वर्षाच्या मुलीला कॅन्टीनमध्ये गाठा आणि विचारा, 'सरांना नको असलेला रिझल्ट आला तर काय होतं?' ती किती वेळ गप्प बसते ते मोजा.

आता न्यायाने सांगायचं तर माझे गाइड खोटारडे नव्हते. त्यांचा त्या पेपरांवर मनापासून विश्वास होता, आणि तो पैसा नसता तर आमच्यातल्या चौघांच्या फेलोशिप थांबल्या असत्या. मीही काही झाशीची राणी नव्हते. ती कंट्रोल स्लाइड मी थिसिसमध्ये घातलीच नाही. शिवाय हृदयात सी-किट पेशी असतात हे खरंच आहे. वाद त्या स्नायू होतात का, एवढाच होता. आणि हृदयाचे विषय वाईट, असंही मी म्हणत नाही. उलट भारतात बसून करावा असा एक आहे. हृदयस्नायूतल्या एका प्रथिनाचं जनुक एमवायबीपीसी३, त्यात डीएनएची २५ अक्षरं गळालेली, दक्षिण आशियात शंभरात सुमारे चौघांना. २००९ मध्ये हैदराबादच्या सीसीएमबी या पेशी व रेणू जीवशास्त्राच्या संस्थेतल्या संशोधकांनी आणि त्यांच्या साथीदारांनी तो दोष हृदयविकाराशी जोडून दाखवला. पण तो असलेले कित्येक जण धडधाकट राहतात. ते का, हे नीट उलगडायला माणसं हवी आहेत. आणि त्या प्रथिनाची भावंडं स्केलेटल मसलमध्ये आहेत, हे तुमच्या सरांना जरूर सांगा.

पैशाचं विचारलंत ते राहिलंच. जेआरएफ, म्हणजे ज्युनियर रिसर्च फेलोशिप, २०२३ पासून महिना ३७,००० रुपये, सीनियर झाल्यावर ४२,०००, घरभाडं वेगळं. कागदावर. पहिला हप्ता कधी येईल ते कुणी सांगू शकत नाही, त्यामुळे चार-पाच महिन्यांचं खोलीभाडं आणि मेसचे पैसे घरून घेऊनच निघा.