थ्रेडचा ‘आयडी’ : क्रमांक की ओळख?

विचारणा अशी आहे : जीडीबी (प्रोग्रॅममधल्या चुका शोधायचं साधन, म्हणजे डीबगर) दुसऱ्या यंत्रावरच्या जीडीबीसर्व्हरला (तिथल्या त्याच्या मदतनीस प्रोग्रॅमला) जोडून ‘इन्फो थ्रेड्स’ हा हुकूम दिला, म्हणजे प्रोग्रॅममध्ये एकाच वेळी चालणाऱ्या कामांची (थ्रेडची) यादी मागितली, की ‘आयडी’ आणि ‘टार्गेट आयडी’ असे दोन रकाने दिसतात. मराठीत लिहिताना दोन्हींना ‘ओळखक्रमांक’ म्हटलं तर चालेल का? आणि थ्रेड ‘ट्रॅक’ करणे म्हणजे ‘माग ठेवणे’ का?

दोन्हींना एकच शब्द देऊ नये, कारण ते आकडे वेगवेगळ्या ठिकाणी ठरतात. पहिला जीडीबी स्वतः देतो : १, २, ३. टार्गेटला, म्हणजे जिथे प्रोग्रॅम चालतो त्या बाजूला, त्याचा पत्ताही नसतो. मी त्याला नुसता ‘क्रमांक’ म्हणेन. तो हजेरीपटावरच्या नंबरासारखा आहे; मधेच कुणी शाळा सोडली तर ती जागा रिकामी राहते, तसा संपलेल्या थ्रेडचा क्रमांक त्या रनमध्ये दुसऱ्याला मिळत नाही. प्रोग्रॅम नव्याने चालवला की पुन्हा एकपासून.

दुसऱ्या रकान्यातली ती ‘ओळख’. लिनक्सवर तिथे ‘५२१०.५२१४’ असं काही दिसतं : डावीकडे प्रोसेसचा (चालू प्रोग्रॅमचा) आकडा, उजवीकडे कर्नेलने (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याने) त्या थ्रेडला दिलेला आकडा. जीडीबी आणि टार्गेट यांच्यातल्या पॅकेटमध्ये (निरोपात) हेच हेक्समध्ये (सोळाच्या पायावर), पुढे ‘पी’ लावून जातं : ‘पी१४५ए.१४५ई’. मात्र ही ओळख कायमची समजू नये. थ्रेड संपल्यावर कर्नेल तोच आकडा कालांतराने दुसऱ्याला देऊ शकतो. शिवाय त्याच जागी ० आलं तर ‘कोणताही थ्रेड’ आणि −१ आलं तर ‘सगळे’; म्हणजे तिथला प्रत्येक आकडा कुणाची ओळख असतोच असं नाही.

घोळ टिंबामुळेही होतो. जीडीबीच्या २०१६ च्या ७.११ आवृत्तीपासून एकाहून अधिक प्रोसेस डीबग करताना पहिल्या रकान्यातही ‘२.३’ दिसतं. तिथला २ हा जीडीबीच्या यादीतल्या प्रोसेसचा क्रमांक, कर्नेलचा नव्हे. ‘थ्रेड २.३’ हा हुकूम हाच क्रमांक घेतो, ओळख नाही.

आता ‘माग ठेवणे’. मला तो शब्द इथे पटत नाही. प्रोग्रॅम धावत असताना जीडीबी थ्रेडच्या मागे मागे फिरत नाही. टार्गेट थांबलं की ते आधी कोणता थ्रेड थांबला ते सांगतं; मग जीडीबी यादी मागतं. ‘एम’ने सुरू होणारं उत्तर म्हणजे या घ्या ओळखी, ‘एल’ म्हणजे यादी संपली. एखाद्याबद्दल शंका असेल तर ‘टी’ पॅकेटने ‘हा अजून आहे का?’ असं विचारता येतं. ही सरळसरळ हजेरी घेणं आहे. म्हणून दोन थांब्यांच्या मधे जन्मून संपलेल्या थ्रेडला एरवी क्रमांकही मिळत नाही.

छोट्या बोर्डांवर प्रकार आणखी गमतीचा. ओपनओसीडी (जीडीबीला बोर्डावरच्या चिपशी जोडणारा प्रोग्रॅम) फ्रीआरटीओएस या छोट्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या याद्या मेमरीतून वाचतं आणि टास्कच्या (तिथल्या थ्रेडच्या) कंट्रोल ब्लॉकचा, म्हणजे त्याची माहिती ठेवलेल्या जागेचा, मेमरीतला पत्ताच ओळख म्हणून पुढे करतं. टार्गेटला थ्रेड ही भानगडच ठाऊक नसेल, तर जीडीबी आतल्या आत ४२००० हा बनावट प्रोसेस आकडा धरून एक थ्रेड उभा करतं. त्याला मात्र ‘ओळख’ म्हणायला जीभ रेटत नाही.

‘थ्रेड’ला ‘धागा’ करू नका. चर्चेच्या धाग्यांनी तो शब्द केव्हाच पळवलाय.