पहिल्या भेटीत शिक्षक तुमची पट्टी शोधतात का, ते बघा

तुम्ही लिहिलंय की वय 44, घर मुलुंडला, नोकरी बीकेसीत. गाणं कधी शिकला नाहीत, आवाज जाड आहे, आणि अभंग-भावगीतं सुरात म्हणता यावीत एवढीच इच्छा आहे. या वयात कोण शिकवेल आणि ते शिक्षक शोधायचे कसे, असा तुमचा प्रश्न. मीही चाळिशी उलटल्यावर शिकायला लागले, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

शिकवणारे भेटतात. दिवसभर काम करून संध्याकाळी गाण्याच्या क्लासला जाणं मुंबईत जुनंच आहे. विष्णु दिगंबर पलुस्करांनी 1901 मध्ये लाहोरला काढलेलं गांधर्व महाविद्यालय 1908 मध्ये मुंबईत आलं, आणि घराण्याबाहेरच्या, साध्या घरांतल्या माणसांना गाण्याचं दार उघडलं. वयाची काळजी सोडा.

खरी काळजी घ्यायची ती पट्टीची, म्हणजे पेटीच्या ज्या स्वराला आपला सा मानून आपण गातो त्याची. पट्टीचं नाव पेटीच्या पांढऱ्या-काळ्या पट्ट्यांवरून घेतात: पुरुष साधारण पांढरी एक ते काळी दोनच्या आसपास गातात, बायका बहुतेक काळी चार-काळी पाचला. पण हा ढोबळ हिशेब झाला. बाईचा आवाज तुमच्यासारखा जाड असेल तर तिचा सा त्याहून खाली, पांढरी चारला किंवा काळी तीनलाही बसू शकतो, आणि त्यात काहीच कमीपणा नाही. गंगूबाई हनगल घशाच्या उपचारांनंतर खाली उतरलेल्या, भरदार आवाजातच आयुष्यभर ख्याल गायल्या. चांगले शिक्षक पहिल्याच भेटीत तुम्हाला सा लावायला सांगतात, मग खाली मंद्र (खालच्या सप्तकातल्या) पंचमापर्यंत नेतात, वर तार (वरच्या सप्तकातल्या) गंधार-मध्यमापर्यंत चढवतात, कुठे आवाज दबतो आणि कुठे ताणला जातो ते ऐकतात आणि त्यावरून पट्टी ठरवतात. पुढे आवाज मोकळा झाला की ती बदलूही शकते. याला दहा मिनिटंसुद्धा लागत नाहीत. पण मोठ्या बॅचमध्ये सगळ्यांना एकाच पट्टीत गायला लावतात. लहान मुलं, त्यांच्या आया, एखादे निवृत्त काका, सगळ्यांचा सा एकच! त्यात कुणाचा तरी गळा दुखणारच, आणि आपल्याला गाणं जमत नाही असं समजून मोठी माणसंच आधी क्लास सोडतात. याचं मला फार वाईट वाटतं, कारण गळ्यात दोष नसतोच. म्हणून आधी एक तास बसून बघते, असं फोनवरच सांगा. सुरुवातीला एकटीनं, किंवा तुमच्याच पट्टीच्या दोन-तीन बायकांबरोबर शिकता आलं तर सगळ्यात चांगलं.

त्या तासात आणखी एक ऐका. तुम्ही गाताना शिक्षक प्रत्येक स्वर पेटीवर वाजवत राहतात का? तसं असेल तर तुम्ही पेटीच्या मागून चालता आणि स्वर स्वतः शोधायची सवय लागत नाही. आमच्या बाई तानपुरा लावून आधी स्वतः गाऊन दाखवतात, मग थांबतात, आणि आम्हाला एकेकीला म्हणायला लावतात. पेटी फक्त अडलं तर. पहिले काही महिने सा, अलंकार (स्वरांचे पलटे) आणि भूप किंवा यमन हे राग यातच गेले तर कंटाळू नका. भूपात पाचच स्वर, पण ते जागेवर लागले की अभंग आपोआप सुधारतो. पहिल्याच आठवड्यात तुमच्या आवडीचं गाणं बसवून देतो म्हणणाऱ्यांपासून मात्र मी लांब राहीन.

आता शोधायचं कुठे. माझ्या मते तबला वाजवणाऱ्यांना विचारावं. ते अनेक क्लासांत साथीला जातात, कोण मोठ्यांना धीरानं शिकवतं हे त्यांना नेमकं ठाऊक असतं. दुसरं म्हणजे गुरुपौर्णिमा. जुलैच्या आसपास क्लासांचे शिष्यांचे कार्यक्रम होतात, बहुतेक विनामूल्य. तिथे हुशार मुलांचं गाणं ऐकून भारावून जाऊ नका. उशिरा शिकायला लागलेली बाई कशी गाते ते ऐका, ती सुरात असेल आणि गाताना चेहरा शांत असेल तर कार्यक्रम संपल्यावर तिच्याशी बोला. तुमच्याकडे मुलुंडचा महाराष्ट्र सेवा संघ आहे, पुढे ठाण्याला सहयोग मंदिर, इकडे दादर-माटुंगा कल्चरल सेंटर. अशा ठिकाणी मैफलींना जात राहिलात की ओळखी होतात.

अंतराचाही विचार करा. बीकेसीहून सुटून संध्याकाळी पार्ल्याला जायचं आणि मग मुलुंड गाठायचं, हे पावसाळ्यात टिकत नाही. नाव थोडं कमी असलं तरी मुलुंड-भांडुप-ठाण्यातलेच शिक्षक बघा. शनिवारी सकाळची वेळ मिळाली तर सोन्याहून पिवळं, गळा ताजा असतो. ऑनलाइन शिकवणी पुढे चालेल. सुरुवातीला नको, कारण आवाज मागेपुढे पोचतो, बरोबर गाता येत नाही, आणि मान-खांदे आखडलेत हे समोर बसलेल्या माणसालाच दिसतं.

गांधर्वच्या परीक्षा, म्हणजे प्रारंभिकपासून विशारदपर्यंत, मोठ्यांनाही देता येतात. तुम्हाला अभंग म्हणायचेत, तेव्हा परीक्षेचा आग्रह धरणारा क्लास नको. हौस वाटली तर नंतर द्या.

रियाजाला फोनवरचं तानपुऱ्याचं ॲप पुरतं, पेटी घ्यायची घाई नको. फ्लॅटमध्ये पहाटे खर्जाचा, म्हणजे खालच्या स्वरांचा रियाज हळू आवाजात होतो, शेजाऱ्यांना त्रास होत नाही. रोज वीस मिनिटं पुरे. फी ठरवताना चुकलेला तास भरून देतात का, ते आधीच विचारून घ्या, कारण मार्चएंडला आणि मुलांच्या परीक्षांत तुमचे तास चुकणार.