आठ व्हीएम, एक सिम्युलेशन : कोण कोणासाठी थांबलंय?

प्रश्न : ओपनफोमचं (द्रवांच्या आणि वायूंच्या प्रवाहाचं सिम्युलेशन करणारं सॉफ्टवेअर) मोठं काम आम्ही केव्हीएमवरच्या (लिनक्सची आभासी मशीन चालवण्याची सोय) आठ व्हीएमवर, म्हणजे आभासी मशीनवर, चालवतो, प्रत्येकीला १६ व्हीसीपीयू (आभासी सीपीयू). ‘टॉप’ या सीपीयूचा वापर दाखवणाऱ्या कमांडमध्ये सगळ्या १०० टक्के दिसतात, तरी काम रेंगाळतं. का?

उत्तर : त्या १०० टक्क्यांवर विसंबू नका. एमपीआयची (प्रक्रियांमध्ये निरोप पोचवणारी प्रणाली) रँक, म्हणजे कामाचा एक तुकडा चालवणारी प्रक्रिया, निरोपाची वाट पाहतानाही सहसा सीपीयू फिरवत ठेवते, त्यामुळे काम आणि ताटकळणं सारखंच दिसतं. टॉपमधला ‘एसटी’ (स्टील टाइम) हा आकडा पाहा : व्हीएमला सीपीयू हवा होता, पण होस्टने, म्हणजे व्हीएम जिच्यावर चालतात त्या खऱ्या मशीनने, तो दुसऱ्याला दिला, तेवढा हा वेळ. दाबाचं समीकरण सोडवताना प्रत्येक आवर्तनात सगळ्या रँकच्या बेरजा एकत्र होतात. म्हणून एका व्हीएमचाच एसटी १० टक्के असला, तरी बाकी सातही खोळंबतात.

बहुधा होस्टवर कोअरपेक्षा जास्त व्हीसीपीयू वाटलेले असतात, उदाहरणार्थ ६४ कोअरवर ९६. या कामाला असं जादा वाटप मुळीच चालत नाही. ‘विर्श व्हीसीपीयूपिन’ या कमांडने प्रत्येक व्हीसीपीयू ठरावीक कोअरला बांधा, एक-दोन कोअर होस्टसाठी राखा, व्हीएमचे कोअर आणि मेमरी एकाच न्यूमा नोडमधून (कोअर आणि त्यांच्या जवळची मेमरी यांचा गट) द्या, बलूनिंग (व्हीएमची मेमरी होस्टने मागे घेणं) बंद करा. एसटी शून्यावर येऊनही वेग वाढला नाही, तर एकाच कोअरच्या दोन हायपरथ्रेडवर (एकच कोअर दोन असल्यासारखा दाखवणारी सोय) दोन रँक बसल्यात का ते बघा. ती ओढाताण एसटीत दिसत नाही.

प्रश्न : दोन व्हीएम जुन्या होस्टवर आहेत. त्यांना कमी काम कसं द्यावं?

उत्तर : आधी मोजा. तीच छोटी केस प्रत्येक व्हीएमवर १६ रँकनी स्वतंत्र चालवा; एकाच रँकची चाचणी फसवी, कारण मेमरीवरचा ताण तिच्यात येत नाही. जुनीला सव्वापट वेळ लागला, तर तिच्या रँकना ०.८ आणि इतरांना १ असं वजन, केसचे रँकसाठी तुकडे पाडणाऱ्या स्कॉच पद्धतीच्या ‘प्रोसेसरवेट्स’मध्ये लिहा. वजनांचा क्रम होस्टफाइलमधल्या (कोणत्या मशीनवर किती रँक ते सांगणारी फाइल) रँकच्या क्रमाशी जुळलाच पाहिजे, नाहीतर हलके तुकडे नव्या मशीनवर जाऊन पडतात.

प्रश्न : २० लाख सेलची (गणिताच्या जाळीतली घरं) केस १२८ रँकवर का वेग घेत नाही?

उत्तर : रँकमागे जेमतेम १५,६२५ सेल येतात; निरोपांची देवाणघेवाणच जास्त होते. ५० हजारांच्या आसपास धरून ४० रँकपासून सुरुवात करा.

प्रश्न : केव्हाही काढून घेतल्या जाणाऱ्या स्वस्त व्हीएमवर किती वेळाने डेटा साठवावा?

उत्तर : एक गेली की सगळं काम पडतं. एक व्हीएम सरासरी ८० तास टिकत असेल, तर आठांच्या गटाला १० तास, म्हणजे ६०० मिनिटंच धरा. साठवायला ५ मिनिटं लागत असतील, तर दोन साठवणींमधलं अंतर √(२×५×६००), म्हणजे साधारण ७७ मिनिटं. ओपनफोमच्या ‘राइटकंट्रोल’ला ‘क्लॉकटाइम’ द्या, अंतर सेकंदांत : ४६२०. ‘पर्जराइट’, म्हणजे साठवलेले किती संच ठेवायचे तो आकडा, किमान २ ठेवा. लिहिता लिहिताच व्हीएम गेली, तर शेवटचा संच अर्धवट राहतो आणि आधीचाच कामी येतो. डिस्क मात्र व्हीएमच्या बाहेरची हवी.