लॉन ट्रॅक्टर सोडून झिरो-टर्न घेताय? आधी अंगणाचा उतार मोजा

अमेरिकेतल्या मराठी घरांतून एप्रिल-मे आला की एकच प्रश्न वेगवेगळ्या वेषांत येतो: जुना लॉन ट्रॅक्टर कुरकुरतोय, आता झिरो-टर्न, म्हणजे जागच्या जागी वळणारं, बसून चालवायचं गवतकापणीचं मशीन, घ्यावं का? यातल्या निम्म्या प्रश्नांची उत्तरं मशीन विकणाऱ्यानेच द्यायला हवी होती. त्याने दिली नाहीत, म्हणून इथे.

अर्धा एकर लॉन, 42 इंची ट्रॅक्टर. झिरो-टर्नने वेळ निम्मा होतो असं सगळे म्हणतात. खरं का? (नेपरव्हिल, इलिनॉय)

सगळे म्हणजे कोण? कागद-पेन्सिल घ्या. ताशी मैल गुणिले डेकची, म्हणजे मशीनखालच्या पात्यांच्या खोक्याची, रुंदी इंचांत, भागिले 124: एका तासात कापून होणारे एकर निघतात. वळणं आणि एकमेकांवर येणाऱ्या ओळी यांची वीस टक्के तूट त्यात धरलेली आहे. ताशी 5 मैलांनी 42 इंची ट्रॅक्टर तासाला 1.7 एकर कापतो, 6 मैलांनी 50 इंची झिरो-टर्न 2.4 एकर. अर्ध्या एकराला, म्हणजे आपल्या 20 गुंठ्यांना, 18 मिनिटं की 12 मिनिटं, एवढाच फरक. सहा मिनिटांसाठी तीन-चार हजार डॉलर मोजायचे का, ते घरात बसून ठरवा.

झाडं, वाफे, मुलांचा झोपाळा असे दहा-पंधरा अडथळे असतील तर गोष्ट वेगळी. ट्रॅक्टर प्रत्येक खोडापाशी पुढे-मागे करतो, तरी कडेला गवत उरतं आणि मग ट्रिमर घेऊन पुन्हा फेरी मारावी लागते. खरा वेळ तिथे वाचतो. सपाट, मोकळ्या चौकोनी लॉनवर नाही.

झिरो-टर्नला पुढे बर्फाचं पातं लावता येईल का? (रदरफर्ड, न्यू जर्सी)

जोड मिळतात, घेऊ नका. बर्फ आणि गाडा ओढायचा असेल तर ट्रॅक्टरच ठेवा.

कुंपणाचं फाटक 48 इंच. 46 इंची डेक जाईल ना? (फ्रिस्को, टेक्सास)

बहुधा नाही. 46 हा कापणीचा आकडा. गवत बाहेर फेकणारी बाजूची झडप धरली तर 42 इंची डेकसुद्धा 50 इंचांच्या पुढे जातं. झडप वर उचलल्यावरची एकूण रुंदी कंपनीच्या तक्त्यात वेगळी दिलेली असते, ती बघा. पैसे भरण्याआधी टेप घेऊन दुकानात जा आणि स्वतः मोजा. झडप काढून टाकायची युक्ती कुणी सुचवली तर नमस्कार करून निघा. ती दगड अडवायला असते.

मागचं अंगण उतरत जाऊन सोसायटीच्या तळ्याला मिळतं. ट्रॅक्टरवर आठ वर्षं काही झालं नाही. विक्रेता म्हणतो, झिरो-टर्न बुटकं असतं, उलटत नाही, उलट जास्त सुरक्षित. घेऊ का? (केरी, नॉर्थ कॅरोलिना)

हा प्रश्न थांबून वाचा, कारण दर हंगामात हाच येतो आणि हेच उत्तर कुणाला नको असतं.

ट्रॅक्टरची पुढची चाकं स्टिअरिंगला जोडलेली असतात. मागची घसरली तरी पुढची थोडीफार दिशा धरतात. स्टिअरिंगऐवजी दोन लिव्हरनी चालणाऱ्या झिरो-टर्नची पुढची चाकं सुपरमार्केटच्या ढकलगाडीसारखी नुसती गरगर फिरतात. त्यांना ना स्टिअरिंग, ना ब्रेक. दिशा, वेग आणि थांबणं या तिन्ही गोष्टी मागच्या दोन टायरांच्या पकडीवर आहेत. पकड गेली की तिन्ही एकदम जातात.

आता तुमचा उतार घ्या. मशीन खाली तोंड करून निघालं की वजन पुढे सरकतं आणि मागचे टायर हलके होतात. सकाळचं दव किंवा आदल्या रात्रीचा पाऊस असला की ते घसरतात. माणूस घाबरून दोन्ही लिव्हर मागे ओढतो. चाकं थांबतात, मशीन थांबत नाही. ते तसंच तळ्याच्या दिशेने जात राहतं. आडवं चालवलं तर वरच्या बाजूचा टायर हलका पडतो आणि नाक आपोआप उताराकडे वळतं. बुटकेपणाचा उपयोग उलटण्याच्या बाबतीत थोडा होतो, घसरण्याच्या बाबतीत शून्य. आणि काठावरून घसरलेलं मशीन पाण्यात गेल्यावर उलटू शकतं. खाली अडकलेला माणूस गुडघाभर पाण्यातही बुडतो. विक्रेत्याने हे सांगितलं नसणार.

मोजायचं असं. चार फुटी पाणपातळी, म्हणजे स्पिरिट लेव्हल, घ्या. तिचं वरचं टोक उताराला टेकवा, बुडबुडा मधोमध येईपर्यंत खालचं टोक उचला आणि त्या टोकापासून जमिनीपर्यंतचं अंतर मोजा. साडेआठ इंच आलं तर उतार 10 अंशांचा. जेमतेम 13 इंच आलं तर 15 अंशांचा. एका जागी मोजून भागत नाही. सर्वांत तीव्र वाटणाऱ्या पाच-सहा जागा घ्या, पाण्याकडची शेवटची पट्टी तर नक्कीच. डोळ्यांनी अंदाज करू नका, तो फसवतो.

हा आकडा मॉडेलच्या मॅन्युअलमधल्या मर्यादेशी ताडून बघा. ती बहुतेक ठिकाणी 10 किंवा 15 अंश असते आणि कोरड्या गवतासाठी असते. उभं कापायचं की आडवं, हेही त्या मॉडेलच्या मॅन्युअलमध्येच बघा, शेजाऱ्याच्या मॉडेलच्या नाही. पाण्याच्या काठापासून किंवा भिंतीच्या कडेपासून मशीनच्या रुंदीच्या निदान दुप्पट अंतर सोडा. उरलेली पट्टी हाताने ढकलायच्या मशीनने किंवा ट्रिमरने करा. सोसायटीची हरकत नसेल तर काठाचं गवत उंचच राहू द्या, काठ धुपत नाही.

रोलबार, म्हणजे मशीन उलटलं तर चालकाला वाचवणारी सीटमागची कमान, असेल तर तो उभा आणि सीटचा पट्टा बांधलेला. फांदीखालून जाण्यासाठी रोलबार आडवा केला तर तेवढ्यापुरता पट्टा सोडा, कारण संरक्षण नसताना पट्टा तुम्हाला मशीनखालीच धरून ठेवतो. फांदी संपली की रोलबार उभा, पट्टा पुन्हा बांधा. खरं तर फांदीच छाटा.

घसरायला लागलंच तर पाती बंद करा आणि झटका न देता मशीन सावकाश सरळ खाली उतरवा. पण खाली तळं असेल तर उतरायला जागाच नसते, म्हणून तिथे मुळात जायचं नाही. पुढची चाकंही वळवणारी, स्टिअरिंगची झिरो-टर्न मिळतात. ती उतारावर बरी वागतात, तरी मर्यादा त्यांनाही आहे. तुमच्या बाबतीत माझं मत: डीलरला घरी बोलवा, मोजलेले आकडे दाखवा आणि हे मॉडेल इथे चालेल असं लेखी मागा. तो लिहून द्यायला कचरला, तर उत्तर मिळालं.

आजोबा भारतातून आलेत. नातवाला मांडीवर घेऊन एक फेरी मारू का?

नाही. अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने बसून चालवायच्या मशीनसाठी किमान वय 16 सांगितलंय, आणि सोबत कुणी बसणं कोणत्याही वयात नाही. कापणी चालू असताना मूल घरात.

खड्ड्यात आदळलं की इंजिन बंद पडतं. व्हॉट्सॲप ग्रुपवर सीटखालच्या दोन वायरी जोडून टाका असं सांगतायत. (डब्लिन, ओहायो)

ग्रुप सोडा. चालक सीटवरून फेकला गेला तर पाती थांबवणारा स्विच तो आहे. कारण सहसा क्षुल्लक असतं: सैल किंवा गंजलेला कनेक्टर, नाहीतर हलक्या वजनाच्या माणसासाठी जास्त घट्ट केलेली सीटची स्प्रिंग. वेग कमी करून बघा. तरी होत असेल तर तंत्रज्ञाकडे न्या. वायरी जोडलेलं मशीन घरात कुणालाही चालवायला देऊ नका.

ओळीच्या शेवटी वळताना गोल टक्कल पडतं.

एक चाक जागेवर थांबवून त्याच्याभोवती फिरताय. शोरूममधल्या प्रात्यक्षिकात तेच दाखवतात, दिसायला झकास. हिरवळीवर थांबलेला टायर मुळं पिळून काढतो. दोन्ही चाकं कायम फिरती ठेवा: वळताना थोडं मागे, मग पुढे, इंग्रजी वाय अक्षरासारखं. जमीन ओली असेल तर त्या दिवशी कापूच नका. पहिले काही तास पाती चालू न करता, कमी वेगात, सपाट जागी नुसता सराव करा.

सरळ चालवलं तरी मशीन डावीकडे ओढतं.

आधी मागच्या दोन्ही टायरांची हवा मोजा, मशीन थंड असताना. मॅन्युअलमधला आकडा, बहुधा 10 ते 14 पीएसआय, दोन्हीकडे तंतोतंत सारखा हवा. हवा कमी असेल तर डेकही त्या बाजूला कलतं आणि कापणी पायऱ्यापायऱ्यांची दिसते. हवा सारखी करूनही ओढत असेल तर ट्रॅकिंगचा, म्हणजे दोन्ही चाकांचा वेग जुळवायचा बोल्ट, तोही डीलरकडून समजून घेऊनच.

‘कमर्शियल ग्रेड’ मॉडेल सवलतीत मिळतंय. घेऊन टाकू?

स्टिकरला किंमत नाही. तीन गोष्टी विचारा. डेकचा पत्रा किती गेजचा? आकडा जितका लहान तितका पत्रा जाड: 10 गेज म्हणजे साधारण 3.4 मिलिमीटर, 13 गेज 2.3. दुसरी, ट्रान्समिशन, म्हणजे इंजिनची ताकद चाकांना पोचवणारा भाग, कोणतं? हायड्रो-गिअर कंपनीचं ईझेडटी बंदिस्त असतं, त्याच्या तेलाची देखभाल धरलेलीच नाही. त्याच कंपनीच्या झेडटी-2800 ला फिल्टर असतो आणि तेल बदलता येतं. तिसरी, वॉरंटी वर्षांत की तासांत, आणि पैसे घेऊन दुसऱ्याचं लॉन कापलं तर ती उरते का? सर्व्हिस तिथेच होते की मशीन साठ मैलांवर न्यायचं, हेही लगे हात विचारा. ‘आज संध्याकाळपर्यंतच’ असं म्हणणाऱ्याला उद्या सकाळी फोन करा, भाव तोच असतो.

कंबरदुखी आहे. झिरो-टर्नने आराम पडेल?

खडबडीत जमिनीवर उलट धक्के जास्त बसतात, कारण वेग जास्त. आधी हाडांच्या डॉक्टरांना विचारा, मग स्प्रिंगची सीट असलेल्या मॉडेलवर आपल्याच जमिनीवर बसून बघा.

मशीन मध्येच बंद पडलं, शेजाऱ्याने ट्रकला बांधून गॅरेजपर्यंत ओढून दिलं. आता एक चाक मंद चालतं. (प्लेनो, टेक्सास)

इंजिन बंद असताना मागची चाकं ट्रान्समिशनला जखडलेली असतात. दोन्ही बाजूंचे बायपासचे, म्हणजे चाकं ट्रान्समिशनपासून सोडवणारे, दांडे मोकळे करून हाताने, सावकाश ढकलायचं असतं. ओढायचं नसतंच. आधी दोन्ही दांडे पुरते जागेवर परत गेलेत का बघा. एक अर्धवट राहिला असेल तरी हेच लक्षण दिसतं. ते ठीक असतील तर आतल्या पंपाला इजा झालेली असू शकते, तेव्हा चालवून आणखी बिघडवू नका. डीलरला बोलवा आणि ओढून आणल्याचं स्वतःहून सांगा. लपवलंत तर तो तासभर बेल्टच तपासत बसेल आणि त्याचंही बिल लागेल.