साडेचार लाख भरून परदेशात इंटर्नशिप? कागलच्या मित्राला उत्तर

भावा, तुझा प्रश्न दोनदा वाचला. मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहेस. कोल्हापुरात राजारामपुरीतला एक एजंट म्हणतोय, ‘जर्मनीत नाहीतर जपानमध्ये गाड्यांच्या कंपनीत वर्षभराची पेड टेक्निकल इंटर्नशिप लावून देतो, साडेचार लाख भर, पुढं तिथंच पर्मनंट.’ वडील शेताचा तुकडा गहाण टाकायला तयार झालेत. जाऊ का, असं तू विचारलंस.

जा. पण या माणसाच्या हातून जाऊ नकोस, आणि वडिलांचा सातबारा तर घरातून बाहेरच काढू नकोस.

मला सगळ्यात जास्त खटकलं ते ‘नाहीतर’. जर्मनीचा रस्ता आणि जपानचा रस्ता यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. भाषा वेगळी, व्हिसा वेगळा, जाणारा माणूसही वेगळा. पन्हाळ्याला नाहीतर पंढरपूरला सोडतो म्हणणाऱ्या वडापवाल्याच्या गाडीत आपण बसू का? एजंट लोक तीन वेगळ्या गोष्टी एका पातेल्यात ढवळून त्याला ‘इंटर्नशिप’ म्हणतात. त्या आधी वेगळ्या करून घे.

पहिली म्हणजे विद्यार्थ्याची खरी इंटर्नशिप. तू कॉलेजात शिकत असतोस, काही महिने जातोस, परत येऊन डिग्री पूर्ण करतोस. जर्मनीत याला प्राक्टिकुम म्हणतात. परदेशातल्या विद्यापीठात शिकणाऱ्या मुलाला चार सेमिस्टर झाल्यावर स्वतःच्या विषयातलं प्राक्टिकुम करता येतं, जास्तीत जास्त बारा महिने. त्याला जर्मनीच्या रोजगार खात्याच्या झेडएव्ही नावाच्या विभागाची संमती लागते. ही संमती कंपनी आणि तू मिळून कागद भरून मिळवता, एजंटचं त्यात काही काम नसतं.

दुसरी आउसबिल्डुंग. ही इंटर्नशिप नाही, आपल्या आयटीआयचा थोरला भाऊ समज. आठवड्यातले काही दिवस कंपनीत, काही दिवस शाळेत. गाडी दुरुस्तीच्या मेकाट्रॉनिकरला साडेतीन वर्षं लागतात. दर महिन्याला विद्यावेतन मिळतं, पण साधारण बी-वन पातळीचं, म्हणजे रोजचं बोलणं-लिहिणं जमेल इतकं, जर्मन यावं लागतं. बारावी झालेल्या पोराला हा रस्ता सोन्यासारखा आहे. तू मात्र डिग्रीच्या तिसऱ्या वर्षातून उठून पुन्हा पहिलीत बसशील.

तिसरी जपानची, आणि हिच्याबद्दल जरा जास्त बोलतो, कारण ‘टेक्निकल इंटर्न’ हे नावच तिथून आलंय आणि त्या नावानंच पोरं फसतात. जपाननं १९९३ मध्ये ही योजना काढली. कागदावरचा हेतू असा की बाहेरच्या देशातल्या कामगारांनी यावं, कौशल्य शिकावं आणि घरी नेऊन वापरावं. भारताशी करार २०१७ च्या ऑक्टोबरमध्ये झाला. जपानात कामगार कमी पडतात, त्यामुळं प्रत्यक्षात हे तीन ते पाच वर्षांचं कामच आहे. ओतकाम, फोर्जिंग, डायकास्टिंग, मशिनिंग, वेल्डिंग, प्लेटिंग ही सगळी कामं त्या यादीत आहेत. आपल्या शिरोली एमआयडीसीतल्या मोल्डरला किंवा फिटरला, जपानी शिकायची तयारी असेल तर, हे वाईट नाही. पगार मिळतो, शिस्त अंगात मुरते. पण हा मजुरीचा करार आहे, विद्यार्थ्याची इंटर्नशिप नव्हे. या योजनेत मधेच मालक बदलता येत नाही, हीच तिची मोठी अडचण. त्यापायी तिथं इतकी ओरड झाली की २०२४ मध्ये जपाननं कायदा करून ही योजना गुंडाळायचं ठरवलं. २०२७ पासून तिच्या जागी नवी पद्धत येतेय, तिच्यात काही अटींवर मालक बदलायची मुभा आहे. आणि एक लक्षात ठेव, तुझा पासपोर्ट काढून घेणं किंवा ‘मधेच सोडलंस तर इतका दंड’ असं लिहून घेणं तिथल्या कायद्यानं २०१७ पासूनच बंद केलंय. इथला एजंट असला कागद पुढं करत असेल तर चहासुद्धा न पिता उठ.

आता साडेचार लाखांचं. परदेशात नोकरीला माणसं पाठवणाऱ्या एजंटकडे आपल्या परराष्ट्र मंत्रालयाचा परवाना लागतो, आणि तो नंबर ई-मायग्रेट या सरकारी साइटवर कुणालाही तपासता येतो. १९८३ च्या कायद्याखालच्या नियमांप्रमाणं त्याला उमेदवाराकडून सेवाशुल्क घेता येतं जास्तीत जास्त ३०,००० रुपये, वर जीएसटी. ‘आम्ही नोकरी देत नाही, एज्युकेशनल कन्सल्टन्सी आहे’ असं म्हणाला, तर मग ‘पुढं पर्मनंट’ हा शब्द कुठून आला ते विचार.

हे मी शहाणपण मिरवायला सांगत नाही. २०१२ मध्ये मी स्वतः एका कन्सल्टन्सीला साठ हजार दिले होते. त्यांनी मला एका जर्मन कंपनीचं पत्र आणून दिलं, लेटरहेड वगैरे झकास. मी त्या कंपनीला आभाराचा ईमेल केला तर उलट उत्तर आलं की आपण कोण? पैसे गेले. आईला दोन वर्षं सांगितलं नव्हतं.

आणि मग मी गेलो कसा, तर शिरोलीतून.

शेवटच्या वर्षाआधीच्या सुट्टीत एका फाउंड्रीत दोन महिने फुकट काम केलं. मला मशिन शॉपला जायचं होतं, एसीत सीएमएमवर, म्हणजे मापं तपासायच्या मशिनवर, बसायचं होतं. सुपरवायझरनं धाडलं कोअर शॉपला. तिथं सगळ्या बायका कोअर करायच्या, म्हणजे कास्टिंगच्या आत पोकळी राहावी म्हणून साच्यात ठेवायचे वाळूचे ठोकळे. त्यांच्यातल्या थोरल्या मावशी पहिल्याच दिवशी ओरडल्या, ‘कोअर भुईवर ठेवू नगंस, पावसात शिळा होतो.’ मला हसू आलं. वाळूचा कोअर शिळा कसा होईल? नंतर कळलं. पावसाळ्यात हवेतली ओल कोअर शोषून घेतो. त्यावर चौदाशे अंशाचं लोखंड ओतलं की ओलीची वाफ होते, तिला बाहेर पडायला वाट मिळाली नाही की ती धातूतच अडकते आणि कास्टिंगच्या पोटात ब्लोहोल राहतो. बाहेरून माल देखणा दिसतो. मशिनिंगला कट घेतला की भोक उघडं पडतं.

त्याच फाउंड्रीत परदेशी ग्राहकाचा क्वालिटीवाला ऑडिटला आला होता. मॅनेजर साहेबांनी मला त्याच्यामागं फाइल धरून फिरवलं. त्यानं कोअरच्या रॅकबद्दल विचारलं, मी मावशींचं ‘शिळा’ मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगितलं. तो हसला आणि कार्ड देऊन गेला. पुढं पाच महिने मी त्याला दर महिन्याला एक साधा ईमेल करत राहिलो. सहाव्या महिन्यात श्टुटगार्टच्या बाजूच्या एका सप्लायर कंपनीत सहा महिन्यांचं प्राक्टिकुम मिळालं. एजंट शून्य, फी शून्य.

तिथं सप्टेंबरात भारतातून आलेल्या मॅनिफोल्डच्या (इंजिनाला जोडायच्या पोकळ नळ्यांच्या) एका लॉटमध्ये ब्लोहोल निघाले. लाल टॅग लावून पेट्या बाजूला काढल्या. पेटीवरचा पत्ता वाचला आणि पोटात गोळा आला, आपल्याच जिल्ह्यातली फाउंड्री! एट-डी रिपोर्टच्या, म्हणजे दोषाचं मूळ शोधायच्या, बैठकीत सगळे धातूच्या रसायनावर बोलत होते, कार्बन किती, सिलिकॉन किती. मी कास्टिंगवर उठवलेला हीट कोड, म्हणजे ते कधी ओतलं त्याची खूण, वाचला, तर ओतल्याची तारीख जुलैची. न्हावा शेव्यातून जहाजानं यायला महिना-सव्वा महिना लागतोच, हिशेब बसत होता. मी म्हणालो, आमच्याकडं जुलैत काय पाऊस असतो ते आधी बघा, आणि कोअर किती तास पडून होता ते विचारा. विचारलं. शनिवारी केलेले कोअर सोमवारी वापरले होते.

माझं जर्मन यथातथा होतं, कॅडमध्ये माझ्याबरोबरची तिथली पोरं माझ्या दहापट पुढं होती. पण त्या दिवसानंतर मला कुणी नुसत्या झेरॉक्स काढायला लावल्या नाहीत. म्हणून सांगतो, तिथं जाऊन ‘काय शिकू’ याच्याइतकंच ‘काय घेऊन जाऊ’ याचं बघ. त्यांच्याकडे रोबोट आहेत, पण वितळलेलं लोखंड डोळ्यानं बघितलेला विद्यार्थी त्यांनाही सहज मिळत नाही. तू कागलचा. पंचतारांकित एमआयडीसी तुझ्या दारात, गोकुळ शिरगाव वाटेवर. गाडीच्या ब्रेक ड्रमपासून फ्लायव्हीलपर्यंत काय काय इथं ओततात ते आधी बघून घे की.

आता कागदांचं. कॉलेजच्या अभ्यासक्रमात इंटर्नशिप सक्तीची असेल तर विभागप्रमुखांकडून तसं पत्र घे, किती आठवडे आणि कोणत्या सेमिस्टरला ते स्पष्ट लिहून. जर्मन कंपन्या हे पत्र हमखास मागतात. कारण असं की सक्तीच्या प्राक्टिकुमला तिथला किमान वेतनाचा कायदा लागू होत नाही, आणि ऐच्छिक प्राक्टिकुम तीन महिन्यांच्या वर गेलं की लागू होतो. म्हणजे पत्र असेल तर घ्यायला कंपनी लवकर तयार होते, पण हातात पैसे कमी येतात. मला महिना साडेसहाशे युरो मिळायचे, खोलीभाड्यातच निम्मे जायचे. आज खर्चाचा अंदाज हवा असेल तर शिकायला जाणाऱ्याला जर्मनी महिन्याला ९९२ युरो दाखवायला लावते, तो आकडा डोळ्यापुढं ठेव. अर्ज निघायच्या निदान सहा महिने आधी कर. पासपोर्ट काढलास का? नसेल तर ते काम आता कोल्हापुरातच होतं. व्हिसासाठी मात्र कोल्हापूरबाहेर जावं लागेल.

दुसरी वाट आयएईएसटीईची. १९४८ पासून चालत आलेली ही विद्यार्थ्यांच्या तांत्रिक इंटर्नशिपच्या अदलाबदलीची संस्था आहे. जागा थोड्या आणि चढाओढ मोठी, पण प्रयत्न करायला काय जातंय. महाराष्ट्र सरकारनं २०२४ मध्ये जर्मनीच्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी जो करार केला, त्याचा तुझ्या एजंटनं नक्की उल्लेख केला असणार. तो कुशल कामगारांसाठी आहे, तुझ्या इंटर्नशिपशी त्याचा संबंध नाही.

भाषेला आजपासून लाग. ऑफिसात इंग्रजी चालतं, शॉप फ्लोअरवर चालत नाही. पन्नाशीचा ऑपरेटर स्वतःच्या बोलीत पुटपुटतो आणि खरी माहिती त्याच्याकडेच असते. ए-टू, म्हणजे बी-वनच्या खालची पायरी, होईपर्यंत तरी शीक.

आणि एक गोष्ट मला कुणीच सांगितली नव्हती. निघताना कंपनी त्सोयग्निस देते, म्हणजे कामाचा दाखला. त्यात वाईट लिहायचं नाही असा तिथला रिवाज, म्हणून सगळं गोडच वाटतं. पण त्या गोडव्याला आतून मार्क असतात. ‘आमचं समाधान होईल असं काम केलं’ म्हणजे जेमतेम पास. ‘आमचं पूर्ण समाधान’ म्हणजे बरा. ‘नेहमीच संपूर्ण समाधान’ असं लिहिलं तर पहिला नंबर. माझ्या पहिल्या मसुद्यात ‘नेहमी’ नव्हतं. मी खूश होऊन सही घ्यायला निघालो होतो, शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी थांबवलं आणि साहेबांकडं परत धाडलं. ‘नेहमी’ पडलं. मसुदा वाचायला मागायला लाजू नकोस.

खाण्याचं थोडक्यात. कांदा-लसूण चटणी खुशाल ने. पेढे, तूप, मटणाचं लोणचं नेऊ नकोस, युरोपात बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत. सेफ्टी शूज कंपनी देते. चपला खोलीवर घालायला.

आता तुझं काम. एजंटकडं जाऊन तीन गोष्टी लेखी माग: ई-मायग्रेटचा परवाना क्रमांक, कंपनीचं नाव-पत्ता, आणि व्हिसा कोणत्या प्रकारचा. काय उत्तर मिळतं ते कळव. आणि शिरोलीत जून-जुलैत उभं राहायची तयारी असेल तर तसं सांग, मी दोन ठिकाणी शब्द टाकतो. कोअर शॉपच मिळेल, मशिन शॉप मागू नकोस.