स्वालबारला येताय? आधी डोंगर समजून घ्या

मिस्टरांना लाँगइयरब्येनमध्ये, म्हणजे उत्तर ध्रुवाजवळच्या नॉर्वेच्या स्वालबार बेटांवरच्या गावात, नोकरी मिळतेय, सात वर्षांच्या मुलाला थंडी सोसेल का, असं तुम्ही विचारलंय. नियम तुम्ही वाचले असतीलच. मी 2014 पासून इथे आहे. थंडी कपड्यांनी भागते हो. विचार करायचा तो डोंगरांचा.

आम्ही साताऱ्याचे. इथला पठारी डोंगर, प्लाटोबेर्गे, पहिल्यांदा बघितला तेव्हा मला अजिंक्यताराच आठवला. तसाच सपाट माथा, तसेच आडवे थर. पण झाड एकही नाही. जमीन बारमाही गोठलेली, म्हणून घरं खांबांवर. पाऊस आणि बर्फ मिळून वर्षाला 200 मिलिमीटरच्या आसपास. महाबळेश्वरला जुलैत कधी कधी एवढा एका दिवसात कोसळतो. मग हिमस्खलनाची भीती कसली, असं मलाही वाटायचं. बर्फ थोडाच पडतो, पण वारा तो पठारावरून खरवडून आडोशाच्या उतारावर नेऊन रचतो. 19 डिसेंबर 2015 च्या आदल्या रात्री पूर्वेकडून वादळ आलं आणि सकाळी गावावरच्या सुकरटोपेन डोंगराच्या उतारावरचा बर्फ सुटला. अकरा घरं गेली, दोन जीव गेले, त्यात एक दोन वर्षांची मुलगी. आम्ही दरीच्या पलीकडच्या बाजूला राहायचो. सकाळ असूनही मिट्ट काळोख, आणि त्यात डोक्याला बॅटऱ्या लावून फावडी घेऊन धावणारी माणसं. नवराही गेला. मी लेकीला घट्ट धरून बसून राहिले. आता तिथली घरं काढलीत, वर बर्फ अडवणारी कुंपणं आहेत. तरी घर घेताना कुठला उतार डोक्यावर आहे ते विचारा.

सूर्य ऑक्टोबरअखेर जातो. फेब्रुवारीत क्षितिजावर येतो, पण डोंगर आड येतात, म्हणून गावात ऊन पडतं ते 8 मार्चला. जुन्या इस्पितळाच्या पायऱ्यांपाशी सगळं गाव जमतं. एकटेपणाचं म्हणाल तर निभतं.

शाळेचं मात्र अजून सलतं. "मुलं भाषा आपोआप उचलतात," असं मला सांगितलं गेलं आणि मी मान डोलावली. चार महिने लेक वर्गात एक शब्द बोलली नाही. घरी आली की बूटसुद्धा न काढता दारातच बसून राहायची. मी भांडायला हवं होतं. आपण परके, म्हणून गप्प बसले. तुम्ही मुलाचं नॉर्वेजियन आत्ताच सुरू करा, आणि जादा शिकवणी मिळणार का ते लेखी घ्या.

आणि व्हिसा. स्वालबारला लागत नाही, हे खरं. पण वाट नॉर्वेतून, तिला शेंगेन व्हिसा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांचा मिळून एकच असलेला व्हिसा, लागतो, येतानाही आणि परत जातानाही. माझा संपला होता, नव्याचा अर्ज अडकला होता, आणि त्यातच बाबा गेले. मी पोचले तेव्हा तेरावं होऊन गेलं होतं. आईने काही विचारलं नाही, ताट वाढलं फक्त. निघताना मी त्या दोघांशी हे कधी बोललेच नव्हते, की वेळ आली तर मला कदाचित पोचता येणार नाही. तुम्ही तुमच्या घरी बोला. तिकिटं काढायच्या आधी.