व्हेनिसमध्ये जलरंग

प्रश्न : मी निवृत्त शिक्षिका असून गेली सहा वर्षे जलरंगात चित्रे काढते. ऑक्टोबरमध्ये आम्ही आठ दिवस व्हेनिसला जाणार आहोत. मागच्या परदेश प्रवासात जागेवर काढलेली शहराची चित्रे मळकट झाली आणि खिडक्या-कमानी रंगवतानाच वेळ संपला. या वेळी फोटो घेऊन घरी रंगवावे का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : फोटो आठवणीसाठी जरूर घ्या, पण चित्र जागेवरच करा. उजेडाकडे तोंड करून घेतलेल्या फोटोत सावल्या काळ्या पडतात. व्हेनिसमध्ये मात्र कालव्याच्या पाण्यावरून उसळलेला उजेड त्याच सावल्यांमध्ये खेळत असतो आणि तो डोळ्यांनाच दिसतो.

सकाळी लवकर मुख्य कालव्यावरच्या अकादेमिया पुलावर उभ्या राहा. समोर पूर्वेला सांता मारिया देल्ला सालूते या चर्चचा घुमट असतो आणि सूर्य त्याच्या मागच्या बाजूला असल्याने घुमट, घरे, धक्के हे सारे मिळून एकच निळसर-करडा आकार होतो. तो अल्ट्रामरीन (गडद निळा) आणि बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) यांच्या एकाच ओल्या वॉशमध्ये, म्हणजे पाणीदार रंगाच्या थरात, वरून खाली न थांबता उतरवा आणि पाण्यावरची चमक म्हणजे कोरा सोडलेला कागद, हे आधीच ठरवून ठेवा. खिडक्या मोजूच नका. वॉश वाळल्यावर जवळच्या दोन-तीन दाखवल्या तरी बाकीच्या पाहणाऱ्याला आपोआप दिसतात. इंग्रज चित्रकार टर्नर 1819, 1833 आणि 1840 असा तीनदा या शहरात आला होता. त्याच्या तिथल्या कित्येक जलरंगचित्रांत इमारती धुक्यात जेमतेम उमटलेल्या आहेत, तरी जागा ओळखू येते.

आपली चित्रे मळकट होण्याचे कारण बहुधा घाई हेच असावे. पहिला वॉश अर्धवट ओला असताना त्यावर पुन्हा कुंचला फिरवला की खालचा रंग उकलतो. तिथल्या दमट हवेत कागद वाळायला वेळ लागतो, म्हणून दोन लहान चित्रे आळीपाळीने करा. प्रतिबिंब रंगवताना एवढे लक्षात ठेवा, की उजळ भिंतीचे प्रतिबिंब भिंतीपेक्षा थोडे गडद दिसते आणि काळ्या गोंडोलाचे थोडे फिके.

पुलांच्या पायऱ्यांवर बसायला तिथे मनाई आहे, त्यामुळे हातात मावेल अशी वही आणि 300 जीएसएमचा (जाड) कागद घ्या. रंग ट्यूबमधून पॅनमध्ये, म्हणजे रंगपेटीतल्या छोट्या खणांत, काढून घरीच वाळवून न्या. कागद कापायची सुरी मात्र चेक-इन बॅगेतच ठेवा.